रथ नेमका कुठे असतो?

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेऊन गॅरेजात आलेल्या माणसाची पहिली मागणी बहुधा ठरलेली असते : गाडी उचलून द्या. त्याला लिफ्ट किट हवं असतं. लांब स्प्रिंगा, त्यांच्या जोडीला लांब शॉक अब्सॉर्बर, आणि गाडी दोन इंच उंच. दिसायला ती रुबाबदार होते यात शंका नाही. पण मागे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून काल जितका वर होता तितकाच आजही असतो. स्प्रिंग बसते अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्या मध्ये. ती लांब झाली की वरचा सांगाडा वर जातो, अ‍ॅक्सल जागच्या जागी राहतो. मधल्या खडकावर जो भाग आपटायचा, तो आपटतच राहतो.

उंचीचा फायदा नसतो असं नाही. चढाच्या पायथ्याशी बंपर घासत नाही, उंचवट्यावरून जाताना पोट टेकत नाही, मोठ्या टायरला जागा मिळते. पण हा फायदा एकटा येत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उतारावर आडवी धरलेली गाडी पूर्वीपेक्षा लवकर कलंडू पाहते. प्रोपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळलं की ताणल्या जातात. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होऊन त्यांची रबरी बुटं फाटतात. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायला लागतो. बदलल्या चार स्प्रिंगा. हिशेब मात्र साऱ्या गाडीशी करावा लागतो.

टायरचं तसंच. थारच्या काही प्रकारांवर येणारा २४५/७५ आर १६ मापाचा टायर सुमारे ७७४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच रिमवर २८५/७५ चढवला तर व्यास ८३४ च्या घरात जातो. फरक ६० मिलिमीटरचा, पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्यानेच वाढते : तीन सेंटिमीटर. अ‍ॅक्सलखालची जागा खऱ्या अर्थाने वाढवायचा हा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. त्याची किंमत मात्र सगळीकडे फुटते. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे पावणेआठ टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे प्रत्यक्ष वेग तेवढाच वाढतो आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. गिअर तेवढ्याच प्रमाणात ‘उंच’ होतात. ज्या चढावर पहिल्या गिअरात गाडी सावकाश सरपटायची, तिथे क्लच जाळावा लागतो. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. जाणकार मग अ‍ॅक्सलमधल्या दात्यांचं गुणोत्तर बदलायला सांगतो, आणि साखळी पुढे सरकते.

ही साखळी हाताळणाऱ्या माणसाच्या मनात कधीतरी एक प्रश्न येतोच. यातलं ‘गाडी’ म्हणायचं ते नेमकं कुठे आहे? हा प्रश्न निदान दोन हजार वर्षं जुना आहे, आणि तो पहिल्यापासून वाहनाच्याच निमित्ताने विचारला गेला.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर बौद्ध परंपरेत मिलिंद या नावाने ओळखला जातो. सागल ही त्याची राजधानी, बहुधा आजचं सियालकोट. भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. मराठी माणसाला ही जोडगोळी अनोळखी नाही, डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत उभारलेलं मिलिंद महाविद्यालय आणि तो नागसेनवनाचा परिसर या दोघांचीच नावं घेऊन उभे आहेत. नागसेन राजाला सांगतो की ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारातलं नाव, त्यामागे वेगळा असा कुणी पुरुष सापडत नाही. राजाला हे पटत नाही. तेव्हा भिक्खू उलट विचारतो : महाराज, आलात कशाने? रथाने. मग रथ कोणता ते दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सांगाडा? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळे मिळून? तेही नाही. या सगळ्यांहून वेगळं काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे सगळे भाग जेव्हा परस्परांच्या आधाराने असतात, तेव्हा ‘रथ’ हे नाव वापरलं जातं.

कठोपनिषदातही रथ आहे. तिथे आत्मा रथात बसलेला, बुद्धी सारथी आणि इंद्रियं घोडे. तो रथ विचारतो की लगाम कुणाच्या हातात आहे. नागसेनाचा प्रश्न अधिक अडचणीचा, कारण तो चालकाआधी वाहनच सोडवून जमिनीवर मांडतो. गॅरेजच्या फरशीवर हे दृश्य रोजचं असतं. तिथे रथाचे भाग वेगळे करणं हा युक्तिवाद नसतो, काम असतं. आणि दांडी म्हणजे रथ नाही हे मान्य करूनही दांडी बदलली की चाकाचं वागणं बदलतं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

नागसेनाला नैयायिकांनी सहज सुटू दिलं नाही. न्यायदर्शनाच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी आणि खरीखुरी असते. न्यायसूत्रांत यासाठी एक साधा पुरावा पुढे केला आहे : धारण आणि आकर्षण. वस्तूचं एक टोक धरून ओढा, सगळी वस्तू ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातातला कणच हातात आला असता.

चिखलात रुतलेली गाडी विंचने काढणाऱ्याला हा वाद तोंडपाठ नसेल, पण तो त्याच्या मधोमध उभा असतो. विंचची क्षमता गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या निदान दीडपट असावी असा धंद्यातला ठोकताळा आहे, कारण चिखल चाकांना धरून ठेवतो आणि प्रत्यक्ष ओढ वजनाहून जास्त लागते. हूक चॅसीला घट्ट बसवलेल्या जागीच लावायचा. तिथे लावला की न्यायसूत्रकार जिंकतात : एका बिंदूला दिलेला ताण सबंध दोन टनांना बाहेर काढतो. तोच हूक शोभेच्या बंपरला अडकवला तर बंपर उखडून सुसाट उडतो, काच फोडतो, आणि क्वचित कुणाचा जीवही घेतो. तेव्हा नागसेनाचा ढीग जिंकतो. न्यायमतावर आक्षेप घेणाऱ्यांनी हेच म्हटलं होतं की ओढून येतं ते भागांच्या जखडलेपणामुळे, कुण्या वेगळ्या अवयवीमुळे नव्हे. मॉडिफिकेशनचा अनुभव या दोघांच्या मधल्या जागी बोट ठेवतो. ‘एक गाडी’ असणं ही कायमची अवस्था नाही. जोड जिथवर ताण झेलतात तिथवर ती एक असते, आणि प्रत्येक नवा सुटा भाग हे एकपण पुन्हा पणाला लावतो.

हा प्रश्न काळाच्या अंगाने पाहायचा तर दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगला जावं लागतं. तिथून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत चढणाऱ्या लँड रोव्हर अनेक दशकं प्रवासी आणि सामान वाहत आल्या आहेत. १९४८ साली बाजारात आलेल्या या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती, कारण युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं. चहामळेवाल्या साहेबांच्या काळातल्या या गाड्या पुढे स्थानिकांच्या हाती आल्या. मूळ सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा बऱ्याच गाड्यांत देशी डिझेल इंजिनं बसली. गिअर, पाटे, वायरिंग यांतही मिळेल ते जुळवलं गेलं. त्यातल्या एखाद्या गाडीला १९५० च्या दशकातली लँड रोव्हर म्हणायचं ते कशाच्या बळावर?

ग्रीकांनी हाच प्रश्न थीसियसच्या जहाजावर विचारला होता : फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर जहाज तेच का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात खोच मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? भारतात ही कल्पना कल्पनेपुरती राहत नाही. हरियाणातलं मंडी डबवाली जुन्या जीपचे भाग जोडून नव्या उघड्या जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि प्रत्येक मोठ्या शहराच्या भंगारबाजारात एका गाडीचा काढलेला अ‍ॅक्सल दुसरीच्या पोटात जातो.

तत्त्वज्ञ इथे अडतात, सरकारला अडून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किटसारख्या मोजक्या गोष्टींना त्यात वाट आहे. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. समोरची ती जाडजूड नळी पादचाऱ्याला जास्त इजा करते आणि एअरबॅगच्या यंत्रणेच्या आड येऊ शकते. कायद्याची भूमिका नैयायिकाच्या जवळची म्हणता येईल. गाडी ही एक वस्तू आहे, तिला चॅसी क्रमांकाची ओळख आहे आणि तिचं स्वरूप कारखान्यात ठरलेलं आहे. मात्र बुलबारविरुद्धचा युक्तिवाद निराळ्या जातीचा आहे. रस्त्याने चाललेला अनोळखी माणूसही या यंत्राच्या गणितात मोजला पाहिजे, असं तो सांगतो.

इथून मिलिंदासमोर मांडलेली यादी अपुरी वाटायला लागते. डिफरन्शिअलचं उदाहरण घ्या. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं; ही सवलत देणारं ते यंत्र दोन्ही चाकांना सारखाच जोर पोचवतं. म्हणूनच एक चाक हवेत लटकलं की पंचाईत होते. हवेतल्या चाकाला फिरायला जेवढा जोर पुरतो, तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो, आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते. लॉकर बसवला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि गाडी निघते. पण हाच लॉकर डांबरी वळणावर लागलेला राहिला तर टायर घासतात, शाफ्टवर ताण येतो, गाडी वळायला नकार देते. मग लॉकर हा सुधार की बिघाड? गाडीकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी याचं उत्तर सापडत नाही. उत्तर जमिनीत असतं.

अनुभवी चालक नवख्याला पहिला धडा देतो तोही याच जातीचा. वाळूत उतरण्यापूर्वी टायरची हवा कमी करायची. तीस-पस्तीसच्या आसपासचा दाब अठरा-वीसपर्यंत आणला की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेत वाटलं जातं आणि चाक खणायचं थांबतं. खर्च शून्य. जोडायचं काहीच नाही, सोडायची फक्त हवा. अट एवढीच की डांबरावर परतताना ती पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. जुन्या जिप्सीचं अवघड वाटांवरचं कौतुकही असंच. १९८५ साली आलेली ही गाडी जेमतेम टनभर वजनाची, चारी बाजूंना पाटे, साधी आणि ठणठणीत. जिथे जडशीळ गाडी रुतायची तिथून ती हलकेपणावर निघून जायची. आज तिच्यावर लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर आणि डिझेलचे कॅन चढवणारा हौशी माणूस नेमका तोच गुण काढून घेतो, ज्यासाठी त्याने ती शोधून आणली.

क्षमता वाढली की ती वापरायची जागाही शोधली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार हाकणाऱ्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि पोलिसांनी चलान फाडलं. ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, हे त्या गाडीबद्दल कंपनी सांगते. नदीने कुणाला येऊ द्यावं याबद्दल त्या आकड्यात काही नाही. आस, चाक, जू ही यादी जशी नदीशिवाय अपुरी, तशीच ती चालकाच्या हेतूशिवायही.

संदकफूच्या वाटेवर या सगळ्याचा कस लागतो आहे. तिथला बराचसा दगडगोट्यांचा चढ आता काँक्रीटचा झाला आहे, आणि ज्या चढावर जुन्या लँड रोव्हरखेरीज कुणाचं चालत नव्हतं तिथे बोलेरोसुद्धा जायला लागल्या आहेत. या बदलात त्या जुन्या गाड्यांचा एकही नट हललेला नाही. तरीही आखूड चाकतळ, संथ गिअर, दगडाला न डगमगणारे पाटे या ज्या गोष्टींसाठी त्या सांभाळल्या गेल्या, त्यांची गरज रस्त्यानेच कमी केली. गाडी न उघडता तिच्यात झालेला हा फेरफार आरसी बुकात नोंदवता येत नाही. पर्यटक मात्र अजूनही मुद्दाम जुनीच गाडी मागतात आणि मालक पाटे बदलून ती पुन्हा वर पाठवतात. आता ती नेमकं काय वाहून नेते, प्रवासी की स्वतःचं नाव, याचा वाद नागसेन आणि नैयायिक यांना नव्याने घालावा लागेल.