बदललेली स्प्रिंग आणि तेच इंजिन

यंत्राचे भाग एकेक करून बदलत गेले तर यंत्र तेच राहते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. डिझेल ट्रकच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताना तो थेट हाताशी येतो. मुंबईतल्या काळाचौकीच्या एका अंगाला जुन्या गिरण्यांचा पट्टा आहे आणि दुसऱ्या अंगाला कॉटन ग्रीन, रे रोड व बंदर. ट्रक आणि त्याची दुरुस्ती या भागाला परकी नाहीत.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला 2000 फेऱ्या धरले तर स्प्रिंग 1000 वेळा दबते आणि सुटते. वर्षानुवर्षे तापून-दबून तिचा ताण उतरतो. मग व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. एक्झॉस्ट ब्रेक लावला की धुराची वाट अडते आणि साचलेल्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अवेळी उचलला जातो. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन आणि हेड यांत फार थोडी फट असते, त्यामुळे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो.

व्हॉल्व्ह उभे असलेल्या इंजिनात हे काम हेड न उतरवता, गाडी असेल तिथे करता येते. रॉकर काढून पिस्टन टॉपवर आणतात. स्प्रिंग व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे लॉक निघाल्यावर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये न पडता पिस्टनवर टेकतो. स्प्रिंग दाबून दोन्ही लॉक काढतात, जुनी स्प्रिंग उचलून नवी बसवतात आणि लॉक खाचेत नीट बसल्याची खात्री करतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात 1 व 6, 2 व 5, 3 व 4 हे पिस्टन जोडीने टॉपवर येतात, म्हणून क्रँक तीन ठिकाणी थांबवली की सगळे व्हॉल्व्ह होतात. शेवटी फीलर गेज घालून टॅपेट सेट करतात.

आता मूळ प्रश्न. वैशेषिक दर्शनाच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, हे अवयवांहून वेगळे द्रव्य आहे. पण ते अवयवांच्या संयोगावर टिकते. संयोग सुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नव्या संयोगातून नवा उपजतो. हे मत काटेकोर लावले तर लॉक निघाला त्या क्षणी जुने इंजिन संपले.

बौद्ध मत वेगळे आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. दांडी, आस, चाके यांपैकी कशातच रथ सापडत नाही आणि त्यांच्याबाहेरही नाही. भाग जुळले म्हणजे व्यवहारात ‘रथ’ हे नाव चालते, असे नागसेन पटवून देतो.

पश्चिमेकडे प्लुटार्कने फळ्या एकेक करून बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजाबद्दल हाच वाद नोंदवला. 1655 मध्ये तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर मूळ कोणते? जुन्या स्प्रिंग रे रोडच्या दारूखान्यातल्या भंगारात गेल्या तर त्यांना कोणी इंजिन म्हणत नाही. पण सगळेच भाग तिथे जमले, तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. कायद्याने हा वाद व्यवहारापुरता मिटवला आहे: नोंदणीत चासी आणि इंजिनाचा क्रमांक असतो, स्प्रिंगचा नसतो.

काळाचौकीभोवतालच्या गिरणगावात दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार पडतात. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्याच दिवशी, नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्या धम्माला मानणारी मोठी वस्ती परळ-नायगावच्या बीडीडी चाळींत राहत आली आहे. यंत्रापुढे हात जोडणारी परंपरा आणि वस्तूत स्थिर तत्त्व न मानणारी परंपरा, दोन्ही इथे शेजारी नांदतात.

दोघींना जोडणारा धागा नागसेनाच्याच दुसऱ्या दाखल्यात आहे. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि मी नेलेले वेगळे. तरी तो दोषी ठरतो, कारण नंतरचे आंबे पहिल्यातूनच आले. वस्तू तीच राहिली नाही तरी तिचा क्रम तुटत नाही, आणि क्रमाबरोबर जबाबदारी पुढे जाते. नव्या स्प्रिंगला जुन्याच कॅमच्या वेळेने चालायचे असते, जुन्याच जागेत मावायचे असते, आधीचेच काम पुढे न्यायचे असते. इंजिनाचे तेच असणे लोखंडात नाही, या सलगतेत आहे. म्हणून लॉक नीट बसला की नाही हे तपासणे ही नुसती कारागिरी नाही, ते कर्तव्य आहे: उतारावर त्या गाडीच्या ब्रेकवर ज्यांचा जीव अवलंबून असतो, त्यांच्याशी बांधलेले.