सातांतले दोघे

मे महिन्यात वसईच्या आमच्या चर्चमध्ये मुलांचं शिबिर असतं. यंदा सिस्टरनी हस्तकलेचा तास माझ्या गळ्यात मारला. विषय 147वं स्तोत्र: देव तारे मोजतो आणि प्रत्येकाला नावाने हाक मारतो. मी सप्तर्षींचं त्रिमितीय मॉडेल ठरवलं. मेमधल्या संध्याकाळी ते उत्तरेला सहज दिसतात, म्हणजे मुलांना घरी जाताना ताळा करता येतो.

साहित्य साधं. बुटांच्या खोक्याचं झाकण, काळा कागद, दोरा, सात मणी. झाकण म्हणजे 130 प्रकाशवर्षांवरचं छत. एक प्रकाशवर्ष म्हणजे अर्धा सेंटिमीटर. तारा जितका जवळ, तितका दोरा लांब. पुलह 80 प्रकाशवर्षांवर, म्हणून दोरा 25 सेंटिमीटर. पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ त्याच्याच आसपास. मरीची मात्र 104 वर, दोरा 13 सेंटिमीटर. क्रतू 123 वर, जेमतेम साडेतीन.

जमिनीवर झोपून वर पाहिलं की ओळखीचा पतंग. बाजूने पाहिलं की पाच मणी एका पातळीत आणि दोन वर, अधांतरी. मी सांगितलं, ते पाच खरेच सोबती आहेत. एकत्र जन्मले, आजही एकाच दिशेने चाललेत. उरलेले दोघे वेगळ्या वाटेचे. फक्त आपल्याला इथून त्यांच्यातले वाटतात.

चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मग त्या दोघांना कापून टाकू का, दादा?" कात्री हातात होतीच.

"नको," मी म्हणालो. पण का, ते सांगता येईना.

आमच्या टीममध्येही सात जण होते. पाच कंपनीचे, दोघं कंत्राटी. क्लायंटला सातही सारखेच. रात्री सर्व्हर बंद पडला की कोण कुणाच्या पगारावर आहे, हे आम्हालाही आठवायचं नाही. एप्रिलमध्ये खर्चकपात आली आणि ते दोघं एका शुक्रवारी गेले. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. जेवताना कुणीतरी हळहळलं, तेव्हा मीच म्हणालो, "तसे ते आपले नव्हतेच."

वाक्य खोटं नव्हतं. दोऱ्यांची लांबी खरी, तसा करारही खरा. पण कोण कुठून आलं एवढ्यावरून कोण आपलं हे ठरतं, असं मी धरून चाललो होतो. आकाशात ते चालत नाही. पुलहापासून क्रतूपर्यंतची रेष पुढे वाढवली की ध्रुव सापडतो. 'बाहेरचा' क्रतू कापला तर उत्तर दिशाच हरवते. मी नवीन असताना मला कोड समजावून दिला होता, तो त्या दोघांतल्याच एकाने.

मुलीला ध्रुवाचं सांगितलं. तिने कात्री ठेवली आणि प्रत्येक मण्याखाली नावाची चिठ्ठी चिकटवली.

रात्री फोनमध्ये त्या दोघांचे नंबर शोधले. एकाचा सापडला. दुसऱ्याचं आडनावच आठवेना. ऑफिसच्या चॅटमधून खातं गेलं, तसं नावही गेलं होतं.

पहिल्याला फोन लावला. दुसऱ्याचं पूर्ण नाव विचारायचं होतं. त्याआधी माफी मागायची होती.