तारण म्हणजे काय?



आगमनकाळाची तिसरी, गुलाबी मेणबत्ती आज आपण पेटवली. घरोघरी तारे लागले आहेत, गोठ्यांसाठी पेंढा आणि माती गोळा होत आहे, स्वयंपाकघरांतून करंज्यांचा आणि कलकलांचा वास येऊ लागला आहे. परवा युवक मंडळी आली आणि पहिला प्रश्न विचारला, ''फादर, यंदा गोठ्याची थीम काय?'' मी म्हटले, ''बेथलेहेम.'' ती हसली. त्यांना काहीतरी नवीन हवे होते.

याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना विचारले, ''देवदूताने मेंढपाळांना काय निरोप दिला?'' सगळे एका सुरात ओरडले, ''तारणारा जन्मला!'' ''शाब्बास. मग तारण म्हणजे काय?'' वर्ग गप्प. शेवटी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ''फादर, बँकेत सोने ठेवून पैसे काढतात ना, ते.''

वर्गात हशा पिकला. टीचरने डोळे वटारले. मीही हसलो. पण रात्री ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण त्या पोरीचे काही चुकलेले नव्हते. 'सोने तारण कर्ज' ही पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे आणि आपल्यापैकी काही जणांनी त्या पाटीखालची पायरीही चढलेली आहे. मुलीचे लग्न, आजारपण, घराचे छप्पर. आईच्या हातातली बांगडी कपाटातून निघते आणि पेढीच्या तिजोरीत जाऊन पडते. मग व्याज चढत जाते. बांगडी तीच असते, सोने तेच, वजन तेच. पण ती आपल्या घरात नसते आणि तिला स्वतःला सोडवून घेता येत नाही. कोणीतरी बाहेरून यावे लागते, रक्कम मोजावी लागते आणि तिला घरी आणावे लागते.

लॅटिन भाषेतील 'रेदेम्प्तिओ' या शब्दाचा अर्थ नेमका हाच आहे: मोल देऊन परत घेणे, सोडवून आणणे. पापाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा डाग, मळ, घाण असे शब्द वापरतो. तेही खरे आहे. पण डाग माणूस स्वतः धुऊ शकतो अशी आशा त्यात उरते. गहाणाच्या दाखल्यात ती आशा उरत नाही. दारू सोडायची शपथ दहा वेळा घेऊन अकराव्यांदा मोडलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता बेथलेहेमकडे वळू. येशूच्या जन्माच्या कितीतरी पिढ्या आधी याच गावात एक सोडवणूक झाली होती. लेवीयच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात नियम आहे की, गरिबीमुळे कोणाला आपली जमीन विकावी लागली किंवा स्वतःलाच विकून घ्यावे लागले, तर त्याच्या जवळच्या नातलगाने मोल देऊन सोडवावे. अशा नातलगाला हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात. म्हणजे सोडवणारा हा सावकार नव्हे, परका दाता नव्हे. तो रक्ताच्या नात्यातलाच असावा लागतो.

रूथची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी परदेशातून बेथलेहेमला परतते. बरोबर असते विधवा सून रूथ, मवाबी, म्हणजे परजातीची. नामीच्या नवऱ्याच्या जमिनीचा प्रश्न येतो. बवाज हा नातलग सोडवायला तयार असतो, पण त्याच्याहून जवळचा एक नातलग गावात आहे. बवाज त्याला गावाच्या वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांसमोर विचारतो. जमिनीचे नाव निघताच तो गृहस्थ म्हणतो, सोडवतो. पण जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल असे कळताच तो मागे सरतो. त्याला स्वतःच्या वतनाची काळजी पडते. पवित्र शास्त्राने त्याचे नावसुद्धा नोंदवलेले नाही! बवाज पुढे होतो, जमीन सोडवतो, रूथशी लग्न करतो. त्यांचा मुलगा ओबेद, त्याचा मुलगा इशाय, त्याचा मुलगा दावीद राजा.

म्हणूनच मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर, येशूच्या वंशावळीत, बवाज आणि रूथ ही नावे आहेत. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सेत ही वंशावळ वाचतात आणि मला ठाऊक आहे, ती चालू असताना आपल्यापैकी बरेच जण घड्याळाकडे बघतात. या वेळी जरा ऐका. त्यात तामार आहे, राहाब आहे. शलमोनाची आई बथशेबा हिचे नाव मत्तय देत नाही, 'उरियाची पत्नी' असे म्हणतो. दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि त्या नवऱ्याला लढाईत पुढे धाडून मारवले, ही गोष्ट त्या दोन शब्दांत तशीच उघडी ठेवली आहे. आपल्याकडे सोयरीक जमवताना घराण्यातले असले प्रकरण कोणी सांगेल का? आपण ते झाकतो. देवाने ते आपल्या पुत्राच्या कुळात लिहून घेतले.

नाताळ आणि तारण यांचा सांधा मला इथे सापडतो. सोडवणारा नात्यातला असावा लागतो, आणि देव तर आपल्या रक्तामांसाचा नव्हता. म्हणून तो झाला. पवित्र मरियेच्या उदरी नऊ महिने राहिला, कापडात गुंडाळला गेला, गव्हाणीत निजला. वरून आज्ञा देऊन क्षमा करणे सर्वसमर्थाला अशक्य नव्हते. पण त्याने नातलग होऊन सोडवणे पसंत केले. गोठा हा क्रुसाच्या आधीचा एक गोड प्रसंग आहे असे समजू नका. बांगडी सोडवायला निघालेल्या माणसाने घराचा उंबरा ओलांडला, तो हा क्षण.

(सेमिनरीत आम्हाला एक प्रश्न घालत असत: ही किंमत दिली कोणाला? सैतानाला दिली असे काही प्राचीन लेखक म्हणत. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने ते साफ नाकारले. लुटारूला कसली किंमत द्यायची? तेव्हा दाखला एवढाच ताणावा. पेढीवाला कोण हे शोधत बसू नये. किंमत कोणी सोसली ते पाहावे.)

आणि कृपा? कृपा म्हणजे ही रक्कम आपल्याकडून आधी मागितली गेली नाही. आपल्या हाडीमाशी एक म्हण मुरलेली आहे, 'करावे तसे भरावे'. न्यायाची म्हणून ती वाईट नाही. संत पौलही पेरणी-कापणीचा दाखला देतोच. पण त्याच पौलाच्या तीताला लिहिलेल्या पत्राचे वाचन नाताळच्या पहाटेच्या मिस्सेत असते. तिथे तो सांगतो की, आपल्या हातून झालेल्या सत्कृत्यांमुळे नव्हे, तर देवाने दया केली म्हणून आपले तारण झाले. जखयाची गोष्ट आठवा. येशू आधी त्याच्या घरी गेला. चौपट परत करण्याची भाषा जखयाने नंतर केली. आपण हा क्रम उलटा करतो. ''फादर, आधी सगळे ठीकठाक करतो, मग येतो कुमसाराला,'' असे मला किती जण सांगतात! पंधरा-पंधरा वर्षे ठीकठाक करणे चालू असते. ताप उतरला की डॉक्टरकडे जाईन, असे कोणी म्हणते का?

पण दोष केवळ त्यांचाच नाही, हे मला आज लिहिलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सातच्या सुमारास एक गृहस्थ चर्चच्या बाजूच्या दाराशी आले. पन्नाशीचे असतील. इस्त्री केलेला शर्ट, हातात टोपी. म्हणाले, ''फादर, कुमसार करायचा होता.'' आत गायनमंडळाची तालीम चालली होती, माईक शिट्टी मारत होता, आणि गोठ्यातल्या बाळाच्या डोक्यावरचा बल्ब लागत नव्हता म्हणून मी इलेक्ट्रिशियनला शोधत होतो. मी म्हटले, ''आता फार गडबड आहे, नाताळ झाल्यावर या.'' ते ''बरं फादर'' म्हणाले आणि गेले. रागावले नाहीत. मिस्सेत मी गर्दीत त्यांना शोधले, दिसले नाहीत. नाताळ झाल्यावरही ते आले नाहीत. त्यांचे नाव मला माहीत नाही.

नाताळच्या नाटुकल्यात आपण एक खाणावळवाला उभा करतो, दार लावून घेणारा. लूकच्या शुभवर्तमानात असा माणूस नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढेच लूक सांगतो. तो माणूस आपण रचला. मला मात्र रूथच्या पुस्तकातला तो बिननावाचा नातलग आठवतो, जो आधी 'सोडवतो' म्हणाला आणि मग मागे सरला. दरवर्षी विश्वासाच्या अंगीकारात देव मनुष्य झाला हे शब्द येतात, तेव्हा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. एरवी आपण त्या शब्दांना मान लववतो. नाताळच्या मिस्सांत आणि २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, गुडघे टेकतो. यंदा घाईने टेकून घाईने उठू नका, एवढी विनंती.

यंदा कुमसारासाठी २० ते २३ डिसेंबर, रोज संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत मी चर्चमध्ये बसेन. शेजारच्या धर्मग्रामातील दोन फादरही येणार आहेत. कोणाला ओळखीच्या धर्मगुरूसमोर अवघड वाटत असेल, त्याने खुशाल त्यांच्याकडे जावे, मला वाईट वाटणार नाही. कुमसार करून किती वर्षे झाली, शब्द आठवतात की नाही, याची चिंता करू नका. शब्द मी सांगेन. २४ तारखेला संध्याकाळीही बाजूच्या दाराजवळ एक खुर्ची ठेवलेली असेल आणि मी तिथे असेन. गोठ्याच्या दिव्यांचे युवक मंडळी पाहून घेतील. एखादा बल्ब नाही लागला तरी चालेल.

आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू