वाटाड्याचा शब्द



भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, हे ज्ञान तुला कुठून मिळाले? तेव्हा अवधूत चोवीस गुरू मोजून दाखवतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, बाण करणारा कारागीर. आपण एकनाथी भागवतात हे वाचतो आणि माना डोलावतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाही. त्या चोविसांतल्या एकानेही अवधूताला ‘थांब’ म्हटलेले नाही. त्यांच्याकडे पाहून तो आपणच शिकला. पण समोरचा माणूस तोंडावर ‘पुढे जायचे नाही’ म्हणतो, आणि तोही आपणच पैसे देऊन आणलेला, तेव्हा त्याचे ऐकायचे की नाही? त्याला आपल्यावर अधिकार कसला?

हा प्रश्न आमच्यापुढे गोरखगडावर उभा राहिला. आमचे मंडळ शहापूरचे. कार्तिकात एका रविवारी किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला, तिथून म्हसे आणि मग देहरी. गडाच्या पायथ्याचे गाव हेच. डोंगरातला मठ म्हटले की लोकांना भिंती, छप्पर, घंटा दिसते. गोरखनाथांची जागा म्हणजे कातळात कोरलेली गुहा, पाण्याची टाकी आणि दारातला चाफा. बस्स. नाथांनी इथे साधना केली अशी श्रद्धा आहे. समोरच मच्छिंद्रगडाचा सुळका. गंमत पाहा, शिष्याच्या गडावर आपल्यासारखे पायऱ्यांनी चढतात, गुरूच्या सुळक्यावर दोर आणि प्रस्तरारोहणाचे तंत्र असल्याशिवाय जाता येत नाही.

देहरीतला एक तरुण वाटाड्या म्हणून घेतला होता. वय फार तर बावीस-तेवीस. गुहेपर्यंत त्याने सगळ्यांना नीट आणले. तिथल्या पायऱ्यांवरही एकेकाचा हात धरून चढवले. तिथून माथ्यावर महादेवाचे दर्शन घ्यायचे तर कड्यातल्या खोदीव पायऱ्या चढाव्या लागतात. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. खोबणींत अजून ओल होती. त्याने आमच्यातल्या बहात्तर वर्षांच्या काकांच्या गुडघ्यांकडे पाहिले, मग चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही वर नाय जायचं. हितंच बसा.’

काका म्हणाले, ‘अरे, दत्तमहाराज नेतील मला.’

तो काही बोलला नाही. वाटेवर आडवा उभा राहिला, एवढेच.

आमच्यातला एकजण चिडला. ‘आपण याला पैसे दिलेत. हा अडवणारा कोण?’

मला वाटते, खरा प्रश्न तोच होता, फक्त उलटा विचारला गेला. सामान वाहायला माणूस घेतला तर तो म्हणू तिथे येतो. वाटाड्या घेतो तेव्हा आपण त्याचे ‘नाही’सुद्धा विकत घेतलेले असते. म्हणू तिथे नेणारा वाटाड्या हवा असेल, तर मग वाटाड्या हवाच कशाला? आणि काकांना वर नेले असते तर त्याला बक्षीसच मिळाले असते. अडवून त्याच्या पदरी शिव्या पडल्या. अडवणारे घरोघरी असतात, कोणी आळसाने अडवतो, कोणी भीतीने, कोणी मोठेपणासाठी. या पोराला अडवण्यात काही मिळत नव्हते. त्याचा शब्द मला म्हणूनच खरा वाटला.

वयाचे म्हणाल, तर नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले तेव्हा त्यांना परत आणायला गोरखनाथच गेले ना? शिष्याने गुरूला वाट दाखवली, आणि गुरू त्याच्या मागे चालत आले. मानाची उतरंड त्या प्रसंगी उलटी झाली, कारण वाट त्या क्षणी गोरखाला दिसत होती. त्यामुळे गोरख मच्छिंद्राचा गुरू झाला नाही. देहरीच्या पोराचा अधिकारही त्या कातळापुरता. गुहेत आरती सुरू झाली तेव्हा तो सगळ्यांच्या मागे उभा होता, हात जोडून.

‘दत्तमहाराज नेतील’ यावर माझे म्हणणे थोडे कडू आहे. महाराज नेतात असे मानायचे, तर त्यांनी आडवा उभा केलेला माणूसही त्यांचाच मानावा लागेल. आपल्याला सोयीचा तेवढा कौल देवाचा आणि गैरसोयीचा गावातल्या पोराचा, अशी वाटणी करता येत नाही.

इथपर्यंत माझे मन स्वच्छ आहे. पुढे ते अडखळते.

काकांची समजूत घालायला आम्ही म्हणालो, ‘काका, नाथ तर या गुहेतच बसले. खरे दर्शन इथेच.’ काका म्हणाले, ‘मग तुम्ही कशाला वर जाताय?’ कोणाला उत्तर सुचले नाही. तरी आम्ही वर गेलोच. महादेवाला बेल वाहिला, नंदीपाशी फोटो काढले. काका गुहेच्या तोंडाशी चाफ्याखाली मच्छिंद्रगडाकडे तोंड करून बसून राहिले. उतरताना ते मला हळूच म्हणाले, ‘पुढच्या वर्षी एवढंसुद्धा चढता येणार नाही रे.’ ते खरे होते. पोराने जीव सांभाळला, पण काकांचे जे हुकले ते हुकलेच. त्याला गोड नाव देऊन ते भरून येत नाही. योग्य निर्णयाचीही किंमत कोणीतरी मोजतो, आणि बहुतेक वेळा निर्णय घेणारा ती मोजत नाही.

देहरीत विठ्ठलाच्या देवळाशी हिशेब झाला. ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्यावे असे काकांनीच सुचवले. पोराने पैसे खिशात घातले, मग काकांच्या जवळ येऊन म्हणाला, ‘माघात पायऱ्या कोरड्या असतात. बूट घालून या. दोर आणतो मी, दोघं जण धरू.’

‘आणि तेव्हाही नाही म्हणालास तर?’ काकांनी विचारले.

‘तर नाय,’ तो म्हणाला.

काकांनी बूट घेतले आहेत.