बोटातला शनी



गेल्या वर्षावासात एका घरी परित्राणपाठासाठी गेलो होतो. कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, मुलांना त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. पाणी घेऊन आलेल्या थोरल्या मुलाच्या मधल्या बोटात मात्र निळ्या खड्याची अंगठी. आई ओशाळून म्हणाली, "दादा, दोनदा नापास झाला. साडेसाती आहे म्हणाले, म्हणून नीलम घातला." त्यासाठी तिने कानातली फुले मोडली होती.

त्या माउलीला मी दोष देत नाही. लेकराच्या काळजीने माणूस काय करीत नाही! पण हा खड्यांचा व्यवहार आपण एकदा नीट पाहू या.

सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, शनीला नीलम, अशी नऊ ग्रहांना नऊ रत्ने वाटून दिलेली आहेत. नीलम म्हणे सर्वांनाच लाभत नाही. आधी उशाखाली ठेवून पाहायचा. वाईट स्वप्न पडले तर परत करायचा. ज्याला शनीची धास्ती घातली आहे, त्याला स्वप्ने दुसरी कसली पडणार? ज्योतिषी आणखी सांगतात की सूर्य आणि शनी हाडवैरी, म्हणून माणिक व नीलम एका हातात घालू नयेत. आता गंमत पाहा. माणिक आणि नीलम हे दोन्ही एकच खनिज आहे, कुरुंद. त्यात क्रोमियमचा अंश आला की तो लाल दिसतो, लोह व टायटॅनियम आले की निळा. म्हणजे वैरी ग्रहांची रत्ने एकाच पोटची भावंडे! मोती तर दगडही नव्हे, तो शिंपल्यात तयार होतो. पोवळे हा समुद्रातील बारीक जीवांचा सांगाडा. आणि ज्यांच्यासाठी गोमेद व लसण्या विकले जातात ते राहू-केतू आकाशात कोणत्याही दुर्बिणीतून दिसायचे नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, त्या दोन बिंदूंची ती नावे. बिंदूला दगड देऊन कसे प्रसन्न करणार?

हा धंदा तथागतांच्या काळीही होता. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, मण्यांची शुभाशुभ लक्षणे सांगून पोट भरणे ही हीन विद्या म्हटली आहे. परित्राणात आपण रतनसुत्त म्हणतो, त्यातले रत्न बोटात घालण्याचे नाही; ते बुद्ध, धम्म आणि संघ. आणि स्पष्टच बोलतो, परित्राणाचा पांढरा धागा मनगटावर बांधून त्यालाच ताईत समजणारे आपल्यातही आहेत. मग खड्याने काय घोडे मारले?

हौस म्हणून कुणी खडा घातला तर माझी हरकत नाही. रंग सुंदरच असतो. पण त्यासाठी फुले मोडू नका, कर्ज काढू नका.

पाठ झाल्यावर मी त्या मुलाला विचारले, "कोणता विषय राहिला?"

"गणित."

"शिकवणी?"

तो आईकडे पाहू लागला. दोन वर्षांत हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. आता विहारात सायंकाळी एक शिक्षक येतात, त्यांच्याकडे तो बसतो. अंगठी अजून बोटात आहे. मी ती काढायला लावलेली नाही.