फाइल तीच, की दुसरी?

जून 2011 मध्ये अ‍ॅपलनं 'फायनल कट प्रो एक्स' हे चित्रसंकलनाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि व्यावसायिक संकलकांनी कपाळाला हात लावला. घराणं तेच, पण 'फायनल कट प्रो 7'मधलं काम त्यात उघडेना. हौशी मंडळींच्या आयमूव्हीतलं मात्र बिनतक्रार येत होतं!

मग याला त्याच सॉफ्टवेअरचा पुढचा अवतार म्हणायचं तरी कसं?

प्रश्न जुनाच. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो, की दुसरा? नागसेनांच्या मते तोही नाही, दुसराही नाही. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण आलं दुधातूनच.

संकलनाचंच दुसरं सॉफ्टवेअर असलेल्या प्रीमियर प्रोचा रस्ताही असाच एकेरी. जुनी प्रोजेक्ट फाइल नव्या आवृत्तीत उघडताना तिचं रूपांतर होतं, आणि ती रूपांतरित फाइल जुन्या आवृत्तीला सहसा वाचता येत नाही. मुळात त्या फाइलीत चित्रपट नसतोच. कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत, कोणता इफेक्ट, एवढ्या नोंदी असतात, त्याही दाबून बसवलेल्या एक्सएमएल मजकुरात. त्यातला आवृत्तीचा आकडा हातानं बदलून जुन्या प्रीमियरला गंडवणारे बहाद्दरही आहेत. कट बहुधा जागेवर मिळतात, नवे इफेक्ट गळू शकतात.

न्यायदर्शन मानणारे नैयायिक इथं प्रत्यभिज्ञेची साक्ष काढतील: 'हा तोच' अशी ओळख पटते, म्हणजे वस्तू टिकली. बौद्ध म्हणतील, ओळख नुसत्या साम्यानंही पटते. संकलकानं बौद्धांची बाजू घ्यावी आणि जुनी प्रत पुसू नये.