जुन्या गाडीचे नवे ब्रेक

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला जुन्या मोटारींचा एक मेळावा भरला होता. रविवारची सुट्टी, कोवळे ऊन आणि फुकटचा देखावा. तेव्हा घरापासून दूर नोकरीस असलेल्या कारकुनाने जे करावे तेच मी केले. चिरंजीवांचा हात धरून पाहावयास गेलो. रांगेत एक जग्वार उभी होती, 'एक्सके १२०' नावाची, पन्नास सालच्या आसपासची. तिच्याजवळ तिचे मालक उभे होते. सत्तरीच्या घरातले, सौम्य बोलण्याचे गृहस्थ. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने सांगत होते : रंगाची छटा मूळची, बैठकीचे कातडे मूळचे, समोरची घड्याळेदेखील मूळचीच. आमच्या चिरंजीवांनी मध्येच विचारले, "आणि ही थांबते कशी?" गृहस्थ हसले, इकडेतिकडे पाहिले, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "ब्रेक मात्र बदलून घेतले आहेत. पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या. चाके झाकलेली आहेत, म्हणून परीक्षकांना दिसत नाही."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. त्या सद्गृहस्थांनी आवाज खाली का आणला? रंग राखला याचा अभिमान आणि थांबण्याची सोय केली याची लाज, हा न्याय कोणता? प्रश्न यंत्राचा वाटतो खरा. पण थोडे खोल गेल्यावर तो यंत्राचा राहत नाही.

प्रथम त्या गाडीची हकीकत सांगितली पाहिजे. १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. तिच्या नावातला १२० हा आकडा म्हणजे ताशी मैलांचा तिचा कमाल वेग; आणि १९४९ च्या मे महिन्यात बेल्जियममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर तशाच एका गाडीने १३२ मैलांचा वेग गाठून दाखविला, तेव्हा संशयखोरांची तोंडे बंद झाली. युद्धाने होरपळलेल्या, पेट्रोलचे रेशन चालू असलेल्या इंग्लंडात असे वाहन निघावे ही नवलाची गोष्ट होती. ते नवल तिच्या इंजिनात होते आणि तिच्या डौलातही होते. परंतु ब्रेकमध्ये नव्हते. ब्रेक त्या काळच्या रीतीप्रमाणे ड्रमचेच. पुढची चाके भरीव पोलादी तबकडीची, मागची चाके तर पत्र्याच्या झाकणाआड. डौल टिकला, पण ब्रेकला वारा मिळेना. १९५१ पासून तारांच्या आऱ्यांची चाके मिळू लागली आणि त्यांतून हवा खेळू लागली; एवढाच काय तो दिलासा.

ब्रेक गाडी 'थांबवतो' असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो, दुसरे काही करीत नाही. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. सुमारे तेराशे किलो वजनाची ही गाडी १२० मैलांच्या वेगावरून उभी करावयाची तर पाच-सहा लिटर थंड पाण्याला उकळी आणील इतकी उष्णता काही क्षणांत कोठेतरी जिरवावी लागते. ड्रमचा दोष असा की तो तापला म्हणजे फुगतो, आणि फुगतो तो ब्रेकच्या पट्टीपासून दूर जाणाऱ्या बाजूला. त्यातच लायनरची पकड तापल्याने कमी झालेली असते. पाय दाबावा तो पेडल खाली खाली जाते आणि गाडी मात्र ऐकत नाही. डिस्कचे याच्या उलट आहे. ती उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून फुगली तरी तिला चिमटीत धरणाऱ्या पट्ट्यांकडेच फुगते. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. थंड असताना, एकदाच थांबावयाचे असेल, तर चांगला ड्रम डिस्कच्या फारसा मागे नसतो, कारण शेवटी गाडीला धरून ठेवतो तो टायर, ब्रेक नव्हे. फरक पडतो तो घाट उतरताना, दहाव्या वळणावर. पहिल्या खेपेस दिलेला शब्द दहाव्या खेपेसही पाळणे, एवढाच डिस्कचा मोठेपणा; आणि तो लहान नाही.

ही कल्पना नवी होती असेही नाही. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले होते. पुढे अर्धे शतक लोटले आणि १९५३ साली फ्रान्समध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वारने बाजी मारली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या वर जाण्याची ती पहिली वेळ. इंजिन इतरांचेही बलवान होते. पण ज्याला उशिरा थांबता येते तो अधिक वेळ धावू शकतो, ही उमज त्या दिवशी पडली. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, याच घराण्यातली 'एक्सके १५०' डिस्क लावूनच बाजारात आली. तात्पर्य, ज्यांनी ती गाडी घडविली त्यांनीच आपली चूक ओळखली आणि सुधारली. आज जो 'मूळचे ब्रेक' म्हणून ड्रम जपतो, तो कर्त्याने स्वतः खोडलेली ओळ पुन्हा गिरवीत असतो.

मूळरूपवाद्यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुनी वस्तू ही साक्ष असते, आणि साक्षीत फेरफार करू नये. त्या काळचा मनुष्य किती भरधाव गाडी किती कमकुवत ब्रेकवर हाकीत होता हे कळावयास तो कमकुवत ब्रेकच पाहावा लागेल. सुधारलेला ब्रेक आपल्याला त्याच्या धाडसाविषयी आणि त्याच्या मूर्खपणाविषयीही खोटे सांगेल. ऐतिहासिक वाहनांसंबंधी २०१३ साली अमलात आलेल्या ट्युरिन सनदेचा रोख हाच आहे : जे करणे अटळ असेल तेवढेच करावे, आणि ते पुन्हा काढून टाकता यावे. संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीपुरता हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे.

ब्रेक बदलल्याने 'ती गाडी ती राहत नाही' हा मुद्दा मात्र मला कधीच पटलेला नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो इतकेच उरते. ज्याला हा संवाद ठाऊक आहे त्याने एका ड्रमसाठी गाडीचा आत्मा गेल्याचा शोक करू नये. शिवाय व्यवहार पाहा. त्या काळचे लायनर अॅस्बेस्टॉसचे असत. त्याची धूळ फुप्फुसात बसते, आणि ब्रिटनमध्ये १९९९ साली त्या पदार्थावर संपूर्ण बंदी आली. तेव्हा अगदी कडवा मूळरूपवादीही आज मूळचे लायनर लावीत नाही; सत्तर वर्षांपूर्वीचे टायर लावून कोणी रस्त्यावर येत नाही. मिस्त्रीच्या फुप्फुसासाठी आणि स्वतःच्या मानेसाठी आपण मूळरूपाशी तडजोड केलीच आहे. उरला तो रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ येथे आहे. मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये जी रेघ ओढली आणि जी पुढे आगरकरांच्या पिढीने आपल्याकडे परिचयाची केली, ती अशी की ज्याचा परिणाम माझ्यापुरता आहे तेथे मी स्वतंत्र आहे. गाडीचा रंग माझा, कातडे माझे, इंजिनाचा गडगडाटही शेजाऱ्याने सोसला तर माझाच. परंतु थांबावयास लागणारे अंतर माझे नाही. ते गाडीच्या नाकापुढे सुरू होते, म्हणजे जेथे माझी मालमत्ता संपते तेथे. त्या अंतरात कोण उभे असेल हे मी ठरवीत नाही. तेथे एखादी भाजीची हातगाडी असेल, शाळेचे मूल असेल. त्याला माझ्या गाडीच्या वंशावळीशी काय कर्तव्य? ब्रिटनच्या वाहतूक-नियमांच्या पुस्तकात ताशी ३० मैलांवर प्रत्यक्ष ब्रेकचे अंतर १४ मीटर दिले आहे आणि ६० मैलांवर ५५ मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. सावध चालकाच्या, सुस्थितीतल्या गाडीचा हा हिशेब आहे. तापलेला ड्रम त्यात आणखी किती मीटर घालतो ते रस्त्यावरच्या माणसाला आगाऊ कोणी कळवीत नाही.

कठोपनिषदातील रथाच्या रूपकात घोडे आहेत, लगाम आहे, सारथी आहे, ब्रेक नाही. तो नसण्याचे कारण मला एके दिवशी टांग्यात बसलो असता उमगले. समोर खड्डा आला तेव्हा टांगेवाल्याच्या आधी घोडा थबकला. घोड्याला स्वतःचा जीव असतो, आणि जीव असतो म्हणून भीती असते. सारथी चुकला तरी ती भीती निम्मे काम करते. मोटारीला भीती नाही. भिंत आणि वाट तिला सारखीच. घोड्याकडून जी भीती आपण फुकट घेत होतो ती मोटारीत ब्रेकच्या रूपाने बाहेरून बसवावी लागली. म्हणून १२० मैलांचे इंजिन आणि ८० मैलांच्या लायकीचे ब्रेक ही जोडी मला केवळ यांत्रिक उणीव वाटत नाही. बळ वाढवले आणि भीती तेवढी वाढवावयाची राहिली, असा तो प्रकार आहे.

यावर सरळ उत्तर असे, की जुने ब्रेक ठेवावे आणि गाडी हळू हाकावी. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ते आचरणारे लोक मी मानतो. पण आजच्या रस्त्यावर ते पुरत नाही. वाहतूक एका न लिहिलेल्या करारावर चालते : पुढचा जितक्या अंतरात थांबेल, साधारण तितक्यातच मागचाही थांबेल. जुन्या गाडीवाल्याने सावधपणे पुढे मोकळी जागा सोडली, तर दिल्लीत त्या जागेत पुढच्या क्षणी एक रिक्षा आणि दोन स्कूटरी येतात. त्यांना वाटते, जागा आपल्यासाठी सोडली आहे. रिक्षावाल्याच्या मागे कोणत्या सालचा ब्रेक येत आहे हे त्याला आरशात दिसत नाही.

आपल्या सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. नियमांची भाषा वाचावयाची सवय आमच्या पेशाला असतेच, म्हणून मुद्दाम वाचले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. मेळावा, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांखेरीज ती रोज रस्त्यावर फिरवावयाची नाही. व्याख्येत ब्रेकचे नाव घेतलेले नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा विषय आलाच नाही, की त्याने शहाणपणाने तो मोकळा ठेवला, हे सांगता येत नाही. मी दुसरा पक्ष घेतो. कारण कारकुनाविषयी चांगले बोलण्याची संधी मी सहसा दवडीत नाही.

इथवर माझे पारडे सरळ नव्या ब्रेककडे झुकले आहे. तरी एक बोच राहते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात काही टॅक्सींना चाके जखडू न देणारी 'एबीएस' यंत्रणा बसविली आणि काहींना नाही, असा प्रयोग झाला. अपघात म्हणावे तसे कमी झाले नाहीत. ज्यांना चांगले ब्रेक मिळाले ते वळणे वेगाने घेऊ लागले, पुढच्या गाडीला अधिक चिकटून चालू लागले. म्हणजे सुरक्षितता हाती आली आणि ती लगेच वेगात मोडून खाल्ली गेली. आणि १९५५ सालचे ल मां कसे विसरावे? डिस्क ब्रेकची जग्वार थांब्याकडे वळण्यासाठी वेग कमी करीत उजवीकडे आली. मागच्या गाडीने तिला चुकवायला डावीकडे अंग टाकले. तिच्या मागून भरवेगात येणारी मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या गर्दीत गेली. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे मेली. सरकारी चौकशीत कोणा एका चालकावर दोष ठेवला गेला नाही, आणि ब्रेकवर दोष ठेवावा असे मीही म्हणणार नाही. पण चांगला ब्रेक म्हणजे आपोआप चांगुलपणा नव्हे, आणि थांबणे हीसुद्धा एकट्याची गोष्ट नव्हे, इतके तरी त्या दिवसाने मनात रुतून बसते.

म्हणून नवे ब्रेक लावणाऱ्यावर जुन्यापेक्षा एक बंधन अधिक येते असे मला वाटते. मिळालेले अंतर त्याने रस्त्यावरच्या माणसाच्या नावावर जमा ठेवावे, आपल्या वेगाच्या खात्यावर वळते करू नये. शिवाय अर्धेमुर्धे काम तर मुळीच नको. पुढे डिस्क बसविली आणि मागचे ड्रम, त्यांच्यात जोर वाटून देणारी रचना व जुने पाइप होते तसेच सोडले, तर पुढच्यामागच्या जोराचा तोल बिघडतो. ब्रेक ऑइलही वेळेवर बदलले पाहिजे. ते हवेतली ओल पिते आणि मग लवकर उकळते, आणि उकळलेल्या तेलावर पाय दाबणे म्हणजे वाफेवर पाय ठेवणे.

त्या गृहस्थांची नंतर परत गाठ पडली ती मेळावा संपताना. काढलेले ड्रम त्यांनी फेकलेले नव्हते. तेल लावून, फडक्यात गुंडाळून घरी पेटीत ठेवले होते. "मुलाला हवे तर तो परत बसवील," ते म्हणाले. मी त्यांना म्हटले, की पुढच्या वर्षी परीक्षकांना मोठ्याने सांगा. ते नुसते हसले; एक नंबर जाईल, एवढेच म्हणाले. डिस्क बसविल्यापासून गाडी पूर्वीपेक्षा जोरात हाकता का, हे विचारायचे मी ठरविले होते. पण तेवढ्यात मागच्या गाडीने भोंगा वाजविला आणि त्यांना निघावे लागले. फाटकाबाहेर सिग्नल लाल होता. जग्वार एका भाजीच्या हातगाडीमागे जाऊन उभी राहिली. मध्ये चांगले दहा हात अंतर होते, आणि त्यात स्कूटर घुसावयाला वेळ लागला नाही.